तेल पाजायचा नळा

त्या वर्षी माघ लागला आणि आमची प्रवासी नेणारी सर्व्हिस मोटार निळा धूर सोडायला लागली. मी तिचा ड्रायव्हर होतो. सकाळी ब्रह्मपुरीहून निघायचं, वैनगंगेचं पात्र ओलांडून आरमोरी गाठायची, तिथून गडचिरोली, आणि संध्याकाळी आल्या वाटेनं परत. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. रस्ता म्हणजे मुरूम, खड्डे आणि दोन्ही बाजूंनी जंगल. संध्याकाळी मी घरी पोचलो की बायको आधी पाण्याचा तांब्या पुढे करायची. तोंड धुतल्याशिवाय यात नवरा किती आणि रस्ता किती ते कळत नाही, असं म्हणायची. मला हसू येत नसे. इतका मी तेव्हा दमलेला असायचो.

मोटार मालकांची. मालक म्हणजे गावातले लाकडाचे व्यापारी. लढाईच्या काळात त्यांची एक मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची, पुढे पेट्रोलची आली, आणि आता ही डिझेलची, नागपूरहून जुनी घेतलेली. आमच्या भागात डिझेलची मोटार म्हणजे अप्रूपच. तिचा आवाज ऐकून बाजारातली म्हातारी माणसं कानांवर हात ठेवायची, पण बसायची तिच्यातच.

धुराचं तसं सोपं असतं. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. सकाळी थोडा पांढरा आला तर इंजिन थंड आहे, तापलं की जाईल. निळा मात्र वाईट. निळा म्हणजे तेल जळतंय. इंजिनाच्या पोटात तेल असतं ते लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून. ते जळायला लागलं, तर आत कुठंतरी झीज झाली असं समजायचं आणि मालकाला तोंड कसं दाखवायचं याचा विचार करायचा.

मालकांनी चांद्याहून मिस्त्री बोलावला. भला माणूस, कामाला वाघ. त्यानं मला इंजिन सुरू करायला लावलं, मागे जाऊन धूर पाहिला, आणि फडक्याला हात पुसत परत आला.

"रिंगा गेल्या, डायवरभाऊ. इंजिन खोला लागते."

"पन तेल कमी होऊन नाई राह्यलं ना, मिस्त्री," मी म्हटलं. "सकाळी तेलाची पट्टी पायतो, संध्याकाळी पायतो. जिथल्या तिथी असते."

"डिझेल उतरत असन खाली. इकडून तेल जळते, तिकडून डिझेल मिसळते. पट्टीवर बराबरच दिसन."

म्हणणं खोटं नव्हतं. इंजिनातल्या दट्ट्यांभोवतीच्या रिंगा झिजल्या की तसं होतं, मी पाहिलेलं होतं. मालकांनी लगेच निकाल देऊन टाकला. शिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा, तोवर मोटार ओढायची. जत्रा झाली की इंजिन खोलून नागपूरला धाडायचं. परवडलं तर ठीक, नाहीतर मोटार भंगारात. माझं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या गावात दुसरी मोटार नव्हती. मला दुसरं काही येत नव्हतं.

खरं म्हणजे दुसरं एक येत होतं, पण ते धंद्यातूनच गेलं होतं. माझे बाबा बंडीवाले. धान, बांबू, माणसं, जे मिळेल ते बैलबंडीत घालून त्यांनी जन्मभर याच वाटेवर ओढलं. लहानपणी मी त्यांच्या बंडीत झोपून आरमोरी पाहिलेली आहे. मोटारी आल्या तशी माणसं बंडीतून उतरली, मग मालही उतरला. शेवटी बैलजोडी विकावी लागली. ज्या दिवशी बैल गेले, त्या दिवशी बाबा मला एवढंच म्हणाले, "तुही मोटार माह्या बैलाईच्या मुळावर आली, बाबू." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मोटार रात्री आमच्या घरासमोरच्या चिंचेखाली उभी राहायची, कारण मालकांच्या अंगणात लाकडं रचलेली. राखण हवी म्हणून बाबा तिच्याशेजारी बाज टाकून झोपायचे. पण बसायचे ते तिच्याकडे पाठ करून. मी किती वेळा म्हटलं, या, एकदा बसून तर पाहा. ते नाही म्हणायचे. पाठ मात्र तिला चिकटूनच असायची, हे मला तेव्हा दिसलं नाही.

एकदा इंजिन खोललं की मोटार परत येईल याचा भरवसा नव्हता. म्हणून मी माझ्या परीनं शोध सुरू केला. अंगात त्राण नसताना केलेला शोध, त्यामुळे फार हुशारीचा नव्हता. पट्टीवरचं तेल बोटावर घेऊन चोळलं. डिझेल मिसळलं असतं तर ते पातळ झालं असतं, वास आला असता. तेल चांगलं दाट होतं. मग चालू इंजिनाचं तेल घालायचं झाकण काढून वर तळहात धरला. रिंगा गेल्या असत्या तर तिथून धुराचे हबके आले असते. थोडी वाफ आली, जुन्या इंजिनाला येते तेवढीच. मी हात तसाच धरून उभा राहिलो. आता यापुढे काय पाहायचं, हे सुचेना.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नव्हती. धूर सकाळी येत होता. गावातून निघाली की मागे सगळा रस्ता निळा. आरमोरीपर्यंत निम्मा व्हायचा. गडचिरोलीला पोचेपर्यंत नाहीसा, आणि परतीच्या वाटेवर मोटार अशी स्वच्छ यायची की जणू काही झालंच नव्हतं. झिजलेली रिंग दुपारी बरी होत नाही. माणसाचा ताप उतरतो, लोखंडाची झीज उतरत नाही. मी हे मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "जत्रेपर्यंत चालव, मंग डोकं चालव."

घरी तर दुष्काळात तेरावा महिना. बायको रोज कुरकुरायची, या महिन्यात तेल पुरत नाही. आमच्याकडे जवसाचं तेल, तेल्याच्या घाण्यावरून आणलेलं. "तुमची मोटारबी तेल पेते अन् आपली चूलबी," ती म्हणाली, तेव्हा मी तिच्यावर खेकसलो. दिवसभर एका तेलाचं रडगाणं ऐकून घरी यावं तर तिथंही तेच. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी मला विचारलं, "लयच दमते का रे ते?" मी म्हटलं, "दमते बाबा. सकाळी तर पार धूर टाकते." त्यांनी मान हलवली आणि तंबाखू मळत राहिले.

जत्रेच्या दिवशी उजाडायच्या सुमारास मोटार भरली. टपावर बोचकी, आत माणसांवर माणसं, मांडीवर पोरं, आणि माझ्याशेजारी धोतराचा सोगा सावरत स्वतः मालक. निघताना धूर असा सुटला की चिंच दिसेनाशी झाली. मागून कोणी बाई म्हणाली, "कोन भजे तळून राह्यलं व माय, पहाटी पहाटी?" सगळे हसले. मी दात आवळून गिअर टाकला.

वैनगंगेला तेव्हा आमच्याकडे पूल नव्हता. पाणी उतरलं की रेतीवर बांबूचे तट्टे अंथरत आणि त्यावरून बंड्या, मोटारी जात. पलीकडे दरडीचा उभा चढ. तट्ट्यांवरून आलो, चढाला लागलो, मोटारीचं तोंड वर झालं, आणि इंजिन किंचाळलं. मी पाय उचलला. तरी ते किंचाळतच राहिलं. मोटार मी न सांगता चढावर धावायला लागली. पुढे वीसेक हातांवर जत्रेची एक बंडी चढत होती, मागच्या बाजूला पाय सोडून बाया आणि लेकरं बसलेली. मी डिझेल बंद करायची कळ ओढली. काही नाही. घाबरून क्लच दाबला तर इंजिन आणखी वर गेलं, आता फुटतं की काय असा आवाज. डिझेल बंद, पाय वर, आणि इंजिन चालूच! ते दुसरंच काहीतरी पीत होतं.

मग हातांनी आपणहून केलं. सगळ्यात वरचा गिअर टाकला, ब्रेकवर उभा राहिलो, क्लच सोडला. मोटारीनं एक असा हिसका दिला की मालकांचं कपाळ काचेवर आपटलं, आणि इंजिन मेलं. बंडीतली बाई माझ्याकडे पाहत होती. तिचे पाय आणि आमचा बंपर यांत वितीचं अंतर असेल. तिनं पाय वर घेतले, इतकंच.

मी खाली उतरलो. चाकांना धोंडे लावले आणि बोनेट उघडलं. हवेच्या गाळणीच्या कडेनं तेल ओघळत होतं. डिझेल इंजिनाला हवा लागते, आणि आमच्या धुळीच्या वाटेवर ती हवा आधी या गाळणीतून जाते. एक लोखंडी डबा, त्याच्या बुडाशी तेलाची वाटी. हवा तेलावरून जाते, धूळ तेलात बसते. वाटीत तेल खुणेपर्यंतच हवं. जास्त झालं की इंजिन हवेबरोबर तेलही ओढतं आणि जाळतं, ते खुणेपर्यंत उतरलं की धूर थांबतो. फारच झालं तर त्या तेलावरच पळत सुटतं, मग डिझेल बंद करून उपयोग नाही. गाळणी मी दर अमावास्येला साफ करायचो; पौष अमावास्येलाही मी स्वतःच ती साफ करून खुणेपर्यंत तेल घातलं होतं. पुढची अमावास्या जत्रेनंतरची, म्हणून ती माझ्या ध्यानात नव्हती.

झाकणाला दोन कानांचा नट असतो. पाना लागत नाही, हातानं फिरतो. मी तो फिरवला. वाटी काठोकाठ भरली होती. आतल्या जाळीवर चिकट, पिवळसर साय धरली होती. मी बोट बुडवून जिभेला लावलं. जवस.

ती चव मला कोणी सांगायला नको होती. आमच्याकडे कामाच्या बैलाला जवसाचं तेल पाजतात. रेतीचा चढ असला, लांबची खेप असली, बैल दमल्यासारखा वाटला, की पहाटे तेल. तिरपा कापलेला बांबूचा नळा असतो. एकानं वेसण धरून तोंड वर करायचं, दुसऱ्यानं नळा जबड्याच्या कडेनं आत सारून तेल हळूहळू सोडायचं. पंचक्रोशीत कोणाच्या बैलाला तेल पाजायचं असलं की बाबांना बोलावणं यायचं. कारण त्यात एकच धोका असतो. घाई झाली, मान जास्त वर गेली, की तेल नाकाच्या वाटेनं छातीत उतरतं. बैलाला ठसका लागतो, आणि तसा बैल बहुतेक वाचत नाही. बाबांच्या हातून जन्मात एकाही बैलाला ठसका लागला नव्हता. तो नळा बैल गेल्यावरही आमच्या घरात खुंटीवर होता.

मालक कपाळ दाबत माझ्यामागे येऊन उभे राहिले. वाटी पाहून त्यांना कळायला वेळ लागला नाही. "हे कोनं टाकलं? बंडीवाल्याईचं काम आहे हे! त्याईच्या पोटात दुखून राह्यलं आपल्या मोटारीचं. एकेकाले पोलिसात देतो मी."

गावातले सगळे बंडीवाले माझ्या डोळ्यांपुढे आले. बाबांच्या बरोबरीचे, बाबांसारखेच रिकामे बसलेले. मी म्हटलं, "मालक, कोनाले धरू नका. माह्या बापानं टाकलं."

त्यांनी कपाळावरचा हात काढला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुह्या बापाले मोटार खपत नाई, हे गावाले ठाऊक आहे. पन तू आत बसते, हे त्याले दिसलं नाई?" मी वाटी सोडवायला लागलो. "आयक. तू मानूस बरा आहे, म्हनून सांगतो. आजपासून तुहा बाप मोटारीजवळ दिसला नाई पायजे. दिसला तं तूबी येऊ नोको. त्याले घरी गेल्या गेल्या सांग."

मी वाटी रेतीत उपडी केली, जाळी डिझेलनं धुतली, खुणेपर्यंत तेल घातलं. मोटार सुरू केली. धूर नाही. रिंगा शाबूत, इंजिन शाबूत, माझी नोकरीही शाबूत. गेले कित्येक दिवस ज्याची वाट पाहत होतो ते झालं होतं, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

मार्कंड्याला माणसं उतरली, देवळाकडे गेली. मी मोटारीच्या सावलीत पडून राहिलो. मुळावर आली, असं ते म्हणाले होते. ते डोक्यातून निघेना. बैल गेले त्या दिवसापासून मोटारीकडे पाठ करून बसणारा माणूस. त्यानं राग काढला असेल का? काढला असेल तर मोटारीवर काढला की माझ्यावर? आणि बंडीतल्या त्या बाईचे पाय पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत होते. बापाबद्दल असलं काही मनात आणावं लागणं यासारखा थकवा नाही. सगळ्या खेपा एकदम अंगावर आल्यासारखा मी तिथं पडून होतो. दर्शन घेतलं नाही.

परतलो तेव्हा दिवस मावळतीला होता. माणसं उतरली, मालक एक शब्द न बोलता घरी गेले. बाबा चिंचेखाली बाजेवर बसले होते. त्या दिवशी मात्र त्यांचं तोंड मोटारीकडे होतं. मी उतरायच्या आत त्यांनी विचारलं, "रेती चढली का रे एका दमात?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. असं तोंड मी लहानपणी पाहिलेलं होतं, लांबच्या खेपेहून बैल धडधाकट परत आले की असायचं तसं.

"चढली," मी म्हटलं.

"चढनच! आज दोन नळे पाजले तिले. जत्रेची खेप, मानसं लय, मले ठाऊक होतं दमन ते." ते बाजेवर सरकून मला जागा करत होते. "रोज एक पाजत होतो, तू उठाच्या आंधी. तू अवसेले तेल टाकलं तं पाह्यलं ना मी, कुठी टाकतेत ते. हातानंच उघडते तिचं तोंड. पयले तू म्हने रेतीत लय दमते, मंग म्हने धूर टाकते. दमलेल्या जनावराले उपाशी जुपते का कोनी? मानूस आत असते आपलं."

मी त्यांच्याशेजारी बसलो. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मालकांचा निरोप जिभेवर होता. तो कसा सांगायचा, याची वाक्यं मी आरमोरीपासून जुळवत आलो होतो. पण त्याआधी दुसरं सांगणं भाग होतं, नाहीतर उद्या पहाटे पुन्हा नळा भरला असता.

"बाबा," मी म्हटलं, "ते तिचं तोंड नाई. ते नाक आहे तिचं. हवा घेते ते तेथून."

बाबांच्या बोटांतली तंबाखू तशीच राहिली. मग त्यांनी विचारलं, "ठसका लागला का तिले?"

"लागला."

"कुठी?"

"चढावर. रेतीच्या."

"अन् तू आत होता."

"हो."

बाबा उठले. मोटारीपाशी गेले आणि बोनेटवर तळहात ठेवला, बैलाच्या नाकाडावर ठेवत तसा. दिवसभर चाललेलं बोनेट, चटका बसत असणार. त्यांनी हात काढला नाही. मीच जाऊन काढला. मग ते घरात गेले. खुंटीवरचा नळा घेतला आणि वर कौलांखाली पार आत खोचून टाकला, कोणाचा हात पोचणार नाही असा. बायकोनं जेवायला वाढलं. ते भूक नाही म्हणाले.

सकाळी मी मोटार काढायला गेलो तर चिंचेखाली बाज नव्हती. ती त्यांनी उचलून घरामागे, जिथं पूर्वी बैल बांधायचे तिथं नेली होती. पुढे कित्येक वर्षं ती तिथंच राहिली. मोटार निघायची वेळ झाली की ते परसातच कुठंतरी काम काढत. मालकांचा निरोप मला सांगावाच लागला नाही.